वाफेचं पाणी

वाफेवर चालणाऱ्या हीटरबद्दल तक्रार आली की सगळ्यांची नजर आधी वर जाते. कंट्रोल व्हॉल्व्ह नीट उघडतोय का, वाफेचा दाब पुरेसा आहे का, तापमानाचा सेन्सर बरोबर दाखवतोय का, हे बघितलं जातं. पोझिशनर बदलला जातो, बॉयलरवाल्याला दाब वाढवायला सांगितलं जातं. तरी तापमान हेलकावतच राहतं. शेवटी एखादा जुना फिटर हीटरच्या खाली वाकतो आणि ट्रॅपच्या बाजूचा बायपास व्हॉल्व्ह थोडा उघडतो. तापमान जागेवर येतं. शेडमध्ये वाफ फुसफुसत राहते, पण काम सुरू होतं, आणि तो बायपास पुढे कित्येक हंगाम तसाच उघडा राहतो.

त्या फिटरला रोग अचूक कळलेला असतो. हीटरच्या पोटात पाणी साठलंय आणि ते बाहेर पडत नाहीये, हे त्याने हाताने नळी चाचपून ओळखलेलं असतं. त्याचा उपाय मात्र इंधन जाळणारा असतो, कारण पाण्याबरोबर ताजी वाफही निघून जाते. योग्य उपाय काय, तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. ते बॉयलर अटेंडंट, देखभालीचे तंत्रज्ञ आणि नव्याने कारखान्यात आलेले अभियंते यांच्यासाठी आहे. माझं ठाम मत आहे की हीटरचं नियंत्रण वाफेच्या बाजूला जेवढं असतं, तेवढंच ते पाण्याच्या बाजूला असतं. आपल्याकडे पहिल्या बाजूवर भरपूर पैसा आणि लक्ष खर्च होतं, दुसरी बाजू मात्र सांडपाण्याची नळी समजून सोडून दिली जाते.

वाफ आपली उष्णता देते ती पाणी होताना. गेजवर ३ बार दाखवणारी संपृक्त वाफ सुमारे १४४ अंश सेल्सिअसची असते. तिचा एक किलो थंड पृष्ठभागावर पाणी झाला की जवळपास २१३३ किलोज्यूल सुटतात, आणि हे होत असताना तापमान एका अंशानेही उतरत नाही. तेच एक किलो पाणी हीटरमध्ये थांबून पुढे ४० अंशांनी थंड झालं, तर त्यातून मिळतात जेमतेम १७० किलोज्यूल. म्हणजे वाफेने जागा सोडून तिथे पाणी बसलं की त्या जागेची कमाई जवळपास संपते. नळ्या तेवढ्याच, पृष्ठभाग तेवढाच, पण कामाचा उरतो तो फक्त पाण्याच्या पातळीच्या वरचा भाग.

ही सुप्त उष्णता ओळखली ती ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅकने, १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा जेम्स वॉट न्यूकॉमेनच्या इंजिनाच्या एका लहान प्रतिकृतीशी झगडत होता. त्या इंजिनात सिलिंडरमध्येच थंड पाणी सोडून वाफेचं पाणी केलं जाई, त्यामुळे दर फेऱ्याला सिलिंडर थंड होई आणि वाफ वाया जाई. वॉटने वाफेचं पाणी करण्याचं काम वेगळ्या भांड्यात नेलं. त्याचं १७६९ चं पेटंट पाठ्यपुस्तकांत येतं ते या वेगळ्या कंडेन्सरसाठी. पण त्याच्याच शेजारी वॉटला एक पंपही बसवावा लागला होता, त्याचा उल्लेख सहसा येत नाही. कंडेन्सरमध्ये निर्वात असल्यामुळे आतलं पाणी आणि हवा आपोआप बाहेर येणं शक्य नव्हतं. बाहेरच्या वातावरणाचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त होता. ते पाणी ओढून काढलं नसतं तर काही फेऱ्यांतच कंडेन्सर भरून इंजिन बंद पडलं असतं. आजच्या कारखान्यातल्या हीटरची अडचण नेमकी हीच आहे, फक्त तिथे निर्वात कोणी मुद्दाम केलेली नसते, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही.

ही निर्वात येते कुठून, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, आणि या प्रस्तावनेतला सगळ्यात मोठा भाग मी त्यालाच देतो आहे. एक साधा हीटर घ्या. पाणी ३० अंशांवर आत येतं आणि ६० अंशांवर बाहेर पाठवायचं आहे. पूर्ण भाराला त्यात ३ बारची, म्हणजे १४४ अंशांची वाफ लागते. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी यांची सरासरी ४५ अंश, म्हणजे वाफ आणि पाणी यांच्यातला फरक ९९ अंशांच्या आसपास. उष्णता वाहते ती या फरकाच्या प्रमाणात. आता भार निम्मा झाला असं समजा. आत येणारं पाणी ३० ऐवजी ४५ अंशांवर येऊ लागलं. सरासरी झाली साडेबावन्न. निम्म्या उष्णतेला निम्माच फरक पुरतो, म्हणजे सुमारे ४९ अंश. याचा अर्थ हीटरमधली वाफ आता १०२ अंशांच्या जवळपासच असायला हवी. कंट्रोल व्हॉल्व्ह बिचारा आपलं काम चोख करतो. तो आवळत जातो आणि हीटरमधला दाब ३ बारवरून जवळजवळ शून्यावर आणतो. भार आणखी थोडा उतरून ४० टक्क्यांवर आला की आतली वाफ ९३-९४ अंशांवर जाते, आणि त्या तापमानाच्या वाफेचा दाब वातावरणापेक्षा कमी असतो. हेडरवरच्या गेजवर तेव्हाही ३ किंवा ५ बार दिसत असतात. हीटरच्या पोटात मात्र निर्वात असते.

आता खाली बघू. आपल्या बहुतेक कारखान्यांत हीटर जमिनीलगत बसवलेले असतात आणि कंडेन्सेटची, म्हणजे वाफेच्या पाण्याची, परतीची लाइन वर पाइप रॅकवरून जाते. दहा मीटर पाण्याच्या उंचीला साधारण एक बार दाब लागतो. चार मीटर वर चढायचं आणि परतीच्या लाइनमध्ये थोडा दाब आधीच आहे, असं धरलं तर ट्रॅपच्या पुढे अर्धा बार विरोध सहज उभा राहतो. अर्ध्या बारला संपृक्त तापमान आहे सुमारे १११ अंश. वरच्याच उदाहरणात हे तापमान येतं ते ६१ टक्के भाराला. म्हणजे भार ६१ टक्क्यांच्या खाली गेला की आतला दाब बाहेरच्या दाबाला हरवू शकत नाही आणि पाणी जागच्या जागी थांबतं. या अवस्थेला इंग्रजीतलाच शब्द घेऊन स्टॉल म्हणतात, आणि शॉप फ्लोअरवरही तोच रुळला आहे. पुढचा क्रम ठरलेला आहे. पाणी चढतं, नळ्या बुडतात, पृष्ठभाग कमी पडतो, बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान घसरतं. ते पाहून कंट्रोल व्हॉल्व्ह उघडतो, दाब वाढतो, साठलेलं पाणी एकदम ढकललं जातं, सगळा पृष्ठभाग मोकळा होतो आणि तापमान उसळी मारतं. व्हॉल्व्ह पुन्हा आवळतो. पॅनेलवर दिसणारे हेलकावे हे असे जन्माला येतात. कंट्रोलरचं ट्यूनिंग कितीही बदललं तरी ते जात नाहीत, कारण दोष त्याच्यात नसतोच.

इथे ट्रॅपवर अन्याय होतो. स्टीम ट्रॅप हा पंप नाही. पाणी आलं की वाट उघडायची आणि वाफ आली की मिटायची, एवढंच त्याचं काम. पाण्याला ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते, ती हीटरमधल्या दाबाची असते. पाणी निघत नाही म्हणून ट्रॅप बदलणं, मोठा ट्रॅप बसवणं, दुसऱ्या कंपनीचा बसवणं, हे सगळं मी वारंवार पाहिलेलं आहे. वाट मोठी केल्याने दाब वाढत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी अनेक अनुभवी माणसांनाही उलटी वाटते. नवा, स्वच्छ हीटर जुन्या, मळलेल्या हीटरपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. डिझाइन करणारा पुढे क्षार बसतील म्हणून पृष्ठभाग जास्त धरतो, विक्रेता आपल्याकडून थोडा जास्त धरतो, खरेदी विभाग भविष्यातल्या विस्तारासाठी एक आकार मोठा घेतो. वरच्या हीटरला समजा असा २५ टक्के जादा पृष्ठभाग मिळाला. मग पूर्ण भारालाही १४४ अंशांची वाफ लागत नाही, १२४ अंशांवरच काम भागतं. त्याच अर्ध्या बार विरोधाला हा हीटर ६१ ऐवजी ८० टक्के भारालाच थांबतो. सुरक्षिततेसाठी घेतलेल्या पृष्ठभागामुळे हीटर वर्षातला बहुतेक काळ पाण्यात बुडून चालतो. वर्षभराने नळ्या मळल्या की तो सुधारल्यासारखा वाटतो आणि सफाई केली की पुन्हा बिघडतो. हे गणित ज्याने एकदा स्वतः मांडलं, तो मोठ्या आकाराच्या मोहात पुन्हा सहसा पडत नाही.

सगळ्याच हीटरना हा धोका नसतो, हेही लगेच सांगायला हवं. माल ज्या तापमानावर ठेवायचा आहे त्याच्या खाली वाफ जाऊच शकत नाही. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये पॉलिएस्टर रंगवताना जेट मशीन १३० अंशांवर धरून ठेवतात, तेव्हा भार अगदी कमी असला तरी हीटरमध्ये पावणेदोन बारच्या आसपास दाब राहतो आणि पाणी निघत राहतं. त्रास होतो तो कमी तापमानाच्या कामात. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरायचं असतं आणि ते तापवणारं गरम पाणी त्याहून थोडंच वर असतं. तिथे तापमान क्षणभर जरी घसरलं तरी डायव्हर्शन व्हॉल्व्ह दूध मागे फिरवतो. हीटरच्या खालच्या नळीतलं पाणी अडल्यामुळे वर दूध मागे-पुढे होत राहतं, आणि शोध मात्र सेन्सरमध्ये चालू असतो.

अडलेलं पाणी नुसतं तापमान बिघडवून थांबत नाही. वाफेचा एखादा बुडबुडा तुलनेने थंड पाण्यात कोंडला की तो क्षणात पाणी होतो. वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफ १६७० लिटर जागा व्यापते आणि तिचं पाणी होतं सुमारे एक लिटर. त्या रिकाम्या झालेल्या जागेत चहूबाजूंनी पाणी धावून आदळतं. हाच वॉटर हॅमर. हीटरच्या आत तो नळ्यांची टोकं सैल करतो, फ्लोट ट्रॅपचा गोळा चेपतो, गॅस्केट फाडतो. वाफेच्या मोठ्या लाइनमध्ये तो माणसं मारतो. न्यूयॉर्कमध्ये १८ जुलै २००७ रोजी लेक्झिंग्टन अव्हेन्यूखाली १९२४ साली टाकलेली शहराची वाफेची नळी फुटली, रस्त्याला मोठा खड्डा पडला, एकाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. चौकशीत आढळलं की गळती बुजवण्यासाठी वापरलेलं सीलंट नळीत शिरून ट्रॅपमध्ये अडकलं होतं. त्या दिवशीच्या जोरदार पावसाने नळी बाहेरून थंड होत होती, आत पाणी वाढत होतं आणि ते बाहेर टाकणारे ट्रॅप बंद होते. वाफेच्या बाजूला सगळं ठाकठीक होतं.

दुसरं नुकसान सावकाश होतं. बॉयलरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि वाफेबरोबर हीटरपर्यंत येतो. पाणी साठून थंड झालं की तो त्यात विरघळतो आणि सौम्य आम्ल तयार होतं. नळीच्या तळाशी पन्हाळीसारखी खाच पडलेली दिसली की ती या आम्लाची खूण समजावी. निर्वातेमुळे हवा आत ओढली गेली असेल तर ऑक्सिजनचे खड्डेही त्यात दिसतात. शिवाय पाण्याची पातळी वर-खाली होत असलेल्या पट्ट्यात धातू सारखा तापतो आणि निवतो, आणि नळी तिथेच चिरते. नळ्या फुटल्या की दोष नळीच्या धातूला दिला जातो आणि महागड्या स्टेनलेस स्टीलची मागणी नोंदवली जाते.

पाणी पूर्ण निचरत असतानाही पृष्ठभागावर त्याचा एक थर असतोच. जर्मन अभियंता विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ मध्ये या थराचं गणित मांडलं, आणि हीटरच्या डिझाइनमध्ये ते आजही वापरलं जातं. उष्णता वाहून नेण्यात तांबं पाण्यापेक्षा पाचशे पटींहून सरस आहे, त्यामुळे नळीच्या जाडीपेक्षा हा पातळ थरच मोठा अडथळा ठरतो. हवेचा थर त्याहूनही वाईट. म्हणून हीटरसाठी मी बहुतेक ठिकाणी बॉल फ्लोट ट्रॅपच सुचवतो, ज्यात हवा सोडणारा थर्मोस्टॅटिक घटक आधीच बसवलेला असतो. पाणी येईल तसं हा ट्रॅप ते सतत सोडतो, थांबून थांबून नाही. थर्मोडायनॅमिक ट्रॅप वाफेच्या लाइनवर फार उत्तम. पण ज्या हीटरमध्ये दाब सतत बदलतो तिथे तो मला पटत नाही. एका ट्रॅपवर तीन-चार हीटर जोडण्याची काटकसर तर कुठेच करू नये. ज्याच्यात दाब जास्त तो दुसऱ्याचं पाणी अडवतो.

उपायांची चर्चा पुस्तकात सविस्तर आहे, त्यामुळे इथे फक्त माझा कल सांगतो. सगळ्यात चांगला उपाय ड्रॉइंग बोर्डावरचा आहे: हीटर उंचावर बसवा, ट्रॅप त्याच्या तोंडाच्या बराच खाली ठेवा आणि तिथून पाणी आपल्या वजनाने उघड्या टाकीत पडू द्या. टाकीतून पुढे न्यायला पंप आहेच. अर्धा मीटर खाली बसवलेला ट्रॅपही शून्य दाबाच्या हीटरमधून थोडंबहुत पाणी खेचून घेतो. उभारणीच्या वेळी याला फारसा खर्च येत नाही, नंतर मात्र पाया आणि पाइप दोन्ही बदलावे लागतात. ट्रॅपनंतर लाइन वर चढत नसेल आणि पाणी वातावरणातच पडत असेल तर व्हॅक्यूम ब्रेकर मदत करतो, कारण तो आतला दाब वातावरणाच्या बरोबरीला आणतो. पुढे चढण असेल तर तो बसवून काही उपयोग नाही. शून्य दाबाने पाणी चार मीटर चढणार नाही, आणि वर हवा आत घेतल्याचा गंज पदरात पडेल.

जिथे उंची मिळत नाही तिथे पंप आणि ट्रॅप एकत्र असलेलं यंत्र बसवावं. आतला फ्लोट वर आला की त्यात थोडी दाबाची वाफ सोडली जाते आणि ती पाण्याला ढकलून देते. हीटरमध्ये निर्वात असो वा तीन बार, पाणी निघतं. त्याला वीज लागत नाही आणि गरम पाण्याने साध्या पंपात होणारं कॅव्हिटेशनही होत नाही. हा उपाय महाग म्हणून टाळला जातो, पण ज्या हीटरचा बायपास वर्षभर उघडा आहे त्याच्या इंधनाचा हिशेब मांडला की तो टाळण्याचं कारण उरत नाही.

तिसरी वाट अगदी वेगळी आहे आणि मला ती फार आवडते, मात्र ती सगळीकडे चालत नाही. कंट्रोल व्हॉल्व्ह वाफेवर लावायचाच नाही, तो कंडेन्सेटच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर लावायचा. हीटरमध्ये वाफेचा दाब कायम पूर्ण राहतो. भार कमी झाला की व्हॉल्व्ह आवळतो, पाणी जाणूनबुजून चढू दिलं जातं आणि कामाचा पृष्ठभाग कमी होतो. ज्या पुरामुळे आधी हीटर बिघडत होता, त्याच पुराला इथे मोजून-मापून कामाला लावलं जातं. दाब पूर्ण असल्यामुळे पाणी अडकत नाही, आणि ते थंड होऊन निघत असल्यामुळे परतीच्या लाइनमध्ये वाफही फार सुटत नाही. तोटा आहे तो वेगाचा. भार एकदम उतरला तर पाण्याची पातळी चढायला वेळ लागतो, कारण ते पाणी वाफेपासून थेंब थेंब तयार व्हायचं असतं. तोपर्यंत माल जास्त तापतो. त्यामुळे उभ्या नळ्यांच्या हीटरला, सावकाश बदलणाऱ्या भाराला ही पद्धत शोभते. दुधाला किंवा ज्याचा भार क्षणात बदलतो अशा कामाला ती वापरू नये.

पातळी राखण्याच्या या शिस्तीचं सगळ्यात कडक रूप औष्णिक वीज केंद्रात दिसतं. कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या केंद्रांत बॉयलरला जाणारं पाणी टर्बाइनमधून काढलेल्या वाफेवर हीटरांच्या रांगेत तापवलं जातं. प्रत्येक हीटरच्या तळाशी पाण्याची ठरावीक पातळी राखावीच लागते. ती खाली गेली तर वाफ ड्रेनमधून सुसाट निघून नळ्या झिजवते. वर गेली तर पाणी उलट टर्बाइनकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून पातळी फार चढली की वाफेची वाट आपोआप बंद होते. तिथे कोणीही या पाण्याला सांडपाणी म्हणत नाही.

महाराष्ट्रात मात्र वाफेच्या पाण्याचा खरा अभ्यास साखर कारखान्यात होऊ शकतो. प्रवरेच्या काठी पहिला सहकारी कारखाना उभा राहिल्याला सात दशकांहून जास्त काळ लोटला, आणि आज कित्येक गावांत एखाद्या घरातला तरी माणूस बॉयलिंग हाऊसमध्ये काम केलेला सापडतो. या माणसांनी कंडेन्सेटशी रोजचा व्यवहार केलेला असतो, पण त्यांच्या ज्ञानाची नोंद मराठीत फारशी झालेली नाही. रस आटवण्याची पद्धत आली ती लुइझियानातून. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय अभियंते नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४३ साली अनेक भांड्यांच्या इव्हॅपोरेटरचं पेटंट घेतलं. पहिल्या भांड्यातल्या रसातून उठलेली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, आणि दर भांड्यात दाब उतरत जातो. एकाच वाफेचं काम पुन्हा पुन्हा होतं.

आता यातलं पाणी बघा. मिश्र रस साधारण १५ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर भागांत १५ भाग विरघळलेले घटक असलेला, असतो आणि पाक ६० ब्रिक्सपर्यंत न्यायचा असतो, म्हणजे रसाच्या वजनाच्या तीन चतुर्थांश पाणी वाफ होऊन उडवायचं. त्यातलं बरंचसं पुढच्या बॉडीच्या, म्हणजे भांड्याच्या, कॅलेंड्रियात (वाफेच्या कप्प्यात) पुन्हा पाणी होऊन मिळतं. पहिल्या बॉडीला एक्झॉस्ट स्टीम लागते, तिथे दाब थोडा वर असतो आणि पाणी सहज निघतं. शेवटच्या बॉड्यांच्या कॅलेंड्रियात मात्र वाफ निर्वातेत असते. तिथलं पाणी पंपाने ओढावं लागतं किंवा पुरेशी उंच उभी नळी देऊन आपल्या वजनाने उतरवावं लागतं. जिथे पंपाची सील थोडी झिजली आणि हवा आत आली, तिथे पाणी कॅलेंड्रियात चढतं, रस उकळणं मंदावतं, पाक पातळ येतो आणि त्याचा फटका साखरेचे दाणे धरणाऱ्या पॅनवर बसतो. पॅनमन तक्रार करतो पाकाची, कारण असतं दोन बॉड्या मागे. रसातून सुटणारे वायू न काढल्यानेही हेच होतं, म्हणून कॅलेंड्रियाला वायू सोडण्याच्या नळ्या नीट जागी असाव्या लागतात.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. पहिल्या बॉडीचं पाणी बॉयलरच्या वाफेपासून झालेलं असतं, ते बॉयलरला परत जातं. पुढच्या बॉड्यांचं पाणी रसाच्या वाफेचं असतं, आणि रस उसळून वाफेबरोबर थोडा जरी पुढे गेला तर त्यात साखर येते. बॉयलरमध्ये साखरेचं विघटन होऊन आम्लं तयार होतात, पाण्याचा पीएच घसरतो, फेस होतो आणि बॉयलरच्या नळ्यांना धोका पोहोचतो. म्हणून प्रत्येक पाळीत अल्फा-नॅफ्थॉलची चाचणी घेतली जाते. परीक्षानळीत पाण्यात त्याचे थेंब टाकून बाजूने सल्फ्युरिक ॲसिड सोडलं आणि जांभळं कडं उमटलं की ते पाणी बॉयलरकडून ताबडतोब वळवायचं. हा निर्णय बहुधा रात्रपाळीचा एखादा लॅब केमिस्ट एकट्याने घेतो. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

पाणी परत आणण्याचा हिशेब सोपा आहे. बॉयलरच्या पाण्याचं तापमान सहा अंशांनी वाढलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, असा ठोकताळा आहे. ९० अंशांचं, मऊ केलेलं, रसायनांचा खर्च झालेलं पाणी गटारात सोडून ३० अंशांचं कच्चं पाणी घेणं म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास इंधन सोडून देणं. परतीच्या लाइनबद्दल एकच सूचना. ७ बारचं कंडेन्सेट वातावरणाच्या दाबात आलं की त्यातलं १३ टक्के पुन्हा वाफ होतं. वजनाने थोडं वाटतं, पण एका किलो पाण्यातून दोनशे लिटरहून जास्त वाफ उठते, आणि उरलेलं पाणी एक लिटरही भरत नाही. म्हणजे परतीची नळी बहुतांशी वाफेची नळी असते. ती पाण्याच्या हिशेबाने बारीक घेतली की तिच्यात दाब चढतो आणि तोच दाब मागे जाऊन दूरच्या हीटरना अडवतो. ट्रॅपच्या तोंडाशी दिसणारी प्रत्येक वाफ गळती नसते, हेही यावरून लक्षात यावं.

पुस्तकाची प्रकरणं कशीही वाचली तरी चालतील. साखर कारखान्यातल्या वाचकाने चौथ्यापासून सुरुवात केली तर हरकत नाही. पण वाचायला बसण्याआधी आपल्या एका हीटरवर, कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे आणि हीटरच्या तोंडाशी, निर्वातही दाखवणारं कंपाउंड गेज बसवून घ्या. बहुतेक हीटरांवर या जागी गेज नसतं, त्यामुळे आत काय चाललंय हे कोणालाच दिसत नाही. मग आलेख कागदावर आडव्या बाजूला भार, उभ्या बाजूला तापमान घ्या. शून्य भाराला मालाचं बाहेर जाणारं तापमान आणि पूर्ण भाराला वाफेचं तापमान, हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. चढण धरून परतीच्या लाइनचा जो दाब होतो त्याचं संपृक्त तापमान त्यावर आडव्या रेषेने मांडा. दोन रेषा जिथे छेदतात त्या भाराच्या खाली तुमचा हीटर बुडतो. पहिल्या प्रकरणातलं पहिलं उदाहरण याच आलेखावर सोडवलेलं आहे, आणि तुमच्या हीटरचे आकडे त्यात भरता यावेत म्हणून शेजारचा रकाना कोरा ठेवला आहे.